पालकांवरचे संशोधन आणि पालकांवरचा ठपका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अपंगत्व असलेल्या मुलांच्या संगोपनाविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा अशा एका मुलीचा बाप म्हणून आणि दुसऱ्यांदा संख्याशास्त्र शिकवणारा माणूस म्हणून. पहिल्या वाचनात लेखिकेची कळकळ पोचली. दुसऱ्या वाचनात मात्र मी एका विधानापाशी अडलो. अशा मुलाची प्रगती शेवटी आईच्या हातात असते हे आता संशोधनाने सिद्ध झाले आहे, असे ते विधान. माझी मुलगी १९ वर्षांची असून तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर नीट ताबा न राहणे) आहे. या १९ वर्षांत माझ्या पत्नीने हे विधान दवाखान्यात, शाळेत, नातेवाइकांकडून आणि कधीकधी पूर्णपणे अनोळखी माणसांकडूनही ऐकले आहे, आणि दर वेळी त्याचा उरलेला अर्धा भाग कोणी न उच्चारताच तिच्यापर्यंत पोचला आहे: प्रगती झाली नाही, तर तीही तुझ्याचमुळे. एरवी तोंडी फिरणारे हे वाक्य संशोधनाचा शिक्का घेऊन छापून आले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते नेहमीच्या वाचकपत्राहून बरेच लांबले आहे, याबद्दल आधीच दिलगिरी व्यक्त करतो.

या विधानाला इतिहास आहे आणि तो फारसा भूषणावह नाही. १९४३ साली लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी ११ मुलांची वर्णने देऊन स्वमग्नतेविषयीचा (ऑटिझमविषयीचा) पहिला प्रसिद्ध निबंध लिहिला. ही स्थिती उपजत असावी असे त्यांनी त्या निबंधात म्हटले होते. पण त्याच लेखनात या मुलांच्या आईवडिलांमध्ये ऊबदार स्वभावाची माणसे थोडीच दिसली, अशीही नोंद होती. पुढे १९४९च्या लेखात ही नोंद अधिक कडक झाली आणि पालकांच्या थंडपणासाठी शीतकपाटाची उपमा आली. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली याच कल्पनेवर अख्खे पुस्तक लिहिले. मुलाला दूर करणारी आई हेच आजाराचे मूळ, असे मानण्याची रीत त्यानंतर बराच काळ चालली, आणि त्या काळात किती घरांनी किती अपराधीपणा उगाच वाहिला असेल याचा हिशेब कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही. वास्तविक त्याआधीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलँड यांनी स्वमग्नतेचे कारण मेंदूच्या जडणघडणीत शोधावे असे मांडले होते. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडीलही होते. १९७७ साली सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधील जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकरूप जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती. भिन्नरूप जुळ्यांच्या १० जोड्यांत असे एकदाही आढळले नाही. २१ जोड्या म्हणजे लहानच नमुना, हे मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगतो. पण एकाच आईच्या हाताखाली वाढलेल्या जुळ्यांमध्ये हा फरक दिसतो म्हटल्यावर आईचा स्वभाव हे कारण टिकणे अवघड झाले. खुद्द कॅनर यांनी १९६९ साली पालकांच्या एका सभेत पालकांना या आरोपातून मुक्त केल्याचे जाहीर केले. वीस वर्षांनी का होईना, त्यांनी ते केले, एवढे तरी त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

मला या इतिहासात रस आहे तो वेगळ्या कारणासाठी. कॅनर यांचे निरीक्षण कदाचित खोटे नसेलही. त्यांच्यासमोर बसलेले काही आईबाप खरोखरच अबोल आणि अलिप्त दिसले असतील. पण तुमच्या हाकेला जे मूल मान वळवत नाही, कडेवर घेतल्यावर बिलगत नाही, त्याच्याशी तीन-चार वर्षे राहिल्यावर माणसाचे बोलणे आपोआप कमी होते. दवाखान्यातल्या एका भेटीत जे दिसते तो या सगळ्या वर्षांचा परिणाम असतो, आणि पाहणारा त्यालाच कारण समजून बसतो. बाणाची दिशा उलटी लावण्याची ही चूक माझ्या विषयातली सर्वांत जुनी चूक आहे. अर्नोल्ड सॅमेरॉफ आणि मायकेल चँडलर यांनी १९७५ साली मांडलेली भूमिका यापेक्षा कितीतरी शहाणी होती: मूल पालकाला घडवते, पालक मुलाला घडवतो, आणि प्रत्येक फेरीत दोघेही थोडे बदललेले असतात. कुठल्याही एका क्षणी एकाकडे बोट दाखवून कारण इथे आहे असे म्हणता येत नाही.

याचे मला ठाऊक असलेले सर्वांत बोलके उदाहरण सेल्मा फ्रायबर्ग यांच्या कामातले आहे. जन्मांध बाळांचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९७७ साली तो पुस्तकरूपाने मांडला. डोळस बाळ आईची चाहूल लागताच तिच्याकडे पाहते, हसते, हातपाय हलवते. अंध बाळ आईचा आवाज कानी पडला की अनेकदा एकदम स्तब्ध होते, कारण ते ऐकत असते. आईला मात्र वाटते की मी आले आणि हे गप्पच झाले, याला माझी ओढ नाही. मग तीही हळूहळू कमी बोलू लागते, कमी वेळा उचलून घेते. फ्रायबर्ग यांनी पालकांना सांगितले की चेहऱ्याकडे पाहू नका, हातांकडे पाहा. चेहरा कोरा असतानाही बाळाची बोटे काही शोधत, चाळवत असतात. त्याची सगळी उत्सुकता तिथे उतरलेली असते. हे एकदा दिसू लागले की आईला आपले मूल नव्याने भेटत असे. आता या आयांना आधी माया नव्हती आणि नंतर आली, असे कोणी म्हणेल का? माया होतीच. वाचायची कुठे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

कर्णबधिर मुलांच्या बाबतीतही हाच प्रकार दिसतो. ऐकू येणारी आई, मूल खेळण्याकडे पाहत असतानाच त्या खेळण्याचे नाव घेते, कारण ऐकणाऱ्या मुलाला पाहणे आणि ऐकणे एकाच वेळी जमते. कर्णबधिर मुलाला खेळणे आणि आईचे हात एकाच वेळी पाहता येत नाहीत. स्वतः कर्णबधिर असलेल्या आया हे जाणून असतात. त्या मुलाला हलकेच स्पर्श करतात, त्याची नजर वर येईपर्यंत थांबतात, मग खूण करतात, किंवा खूणच त्याच्या नजरेच्या टप्प्यात नेऊन करतात. ऐकणाऱ्या आईला हे शिकावे लागते, आणि शिकवणारे कोणी भेटले तर ती ते शिकते.

तेव्हा पालकांच्या वागण्याने फरक पडतो का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थीच आहे, आणि लेखिकेशी माझा मतभेद तिथे नाही. पेनी हाउझर-क्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली अमेरिकेतील १८३ मुलांचा, तान्हेपणापासून वयाच्या १० वर्षांपर्यंतचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणाला डाउन सिंड्रोम होता, कोणाच्या हालचालींत अडथळा होता, कोणाचा विकास मंद होता. आई आणि मूल यांच्यातली देवघेव आणि घरातल्या माणसांचे आपसांतले संबंध यांवरून मुलाच्या पुढच्या वाढीचा काही अंदाज बांधता येतो, असे त्यात दिसले. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजू आपल्या लेखात आली नाही. पालकांची मनःस्थिती वर्षागणिक कशी बदलते हेही त्यांनी पाहिले होते, आणि ती मुलाच्या वर्तनसमस्यांशी, तसेच आईच्या बाबतीत तिला मिळणाऱ्या आधाराशी आणि वडिलांच्या बाबतीत अडचणीला थेट भिडण्याच्या त्यांच्या पद्धतीशी जोडलेली होती. म्हणजे आईच्या हाती मूल, हे अर्धेच चित्र. आईच्या हाताखाली कोणाचा हात आहे, हे उरलेले अर्धे.

मायकेल सिलर आणि मॅरियन सिगमन यांचा २००२चा अभ्यासही या संदर्भात वारंवार सांगितला जातो. स्वमग्न मूल ज्या वस्तूत गुंतले आहे तिच्याविषयीच बोलणाऱ्या, त्याचे लक्ष दुसरीकडे ओढून न नेणाऱ्या पालकांच्या मुलांची भाषा पुढे १, १० आणि १६ वर्षांनी अधिक वाढलेली दिसली. नमुना लहान होता आणि हा सहसंबंध होता, म्हणजे दोन गोष्टी एकत्र आढळल्या एवढेच. ज्या मुलांशी जुळवून घेणे सोपे, त्यांचीच भाषा वाढणार होती, ही शक्यता त्यातून पूर्णपणे वगळता येत नाही. अशी शंका फिटण्यासाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात, आणि तेही झाले आहे. ब्रिटनमध्ये जोनाथन ग्रीन यांच्या नेतृत्वाखाली १५२ स्वमग्न लहान मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली आले. पालकांना त्यांच्याच खेळाच्या चित्रफिती दाखवून मुलाचे बारीक इशारे ओळखायला शिकवायचे, असे त्या पद्धतीचे स्वरूप होते. पालकांच्या प्रतिसादात ठळक बदल झाला. मुलांच्या लक्षणांतला बदल त्या वेळी माफकच आणि अनिश्चित होता. सुमारे सहा वर्षांनी त्याच मुलांपैकी १२१ जणांना पुन्हा तपासले तेव्हा, २०१६च्या अहवालानुसार, लक्षणांची तीव्रता कमी झाल्याचा परिणाम टिकून असल्याचे दिसले. भाषेच्या मोजमापांत मात्र दोन गटांत तसा फरक आढळला नाही. हा निष्कर्ष आशा देणारा आहे, चमत्काराचा नाही, आणि वृत्तपत्राने तो याच मापात सांगावा एवढी माझी अपेक्षा आहे.

ही पद्धत मला परिचयाची आहे, कारण मुलगी चार वर्षांची असताना आमच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी माझीही अशी एक चित्रफीत काढली होती. सहा मिनिटांची. मी मुलीला चित्रे दाखवतो आहे, प्रश्न विचारतो आहे, तिला हसवतो आहे. पाहण्यापूर्वी मला वाटत होते की या कामात मी उत्तम आहे. बाईंनी मला घड्याळ घेऊन बसायला सांगितले. मी प्रश्न विचारे आणि तीन सेकंदांत दुसरा विचारे, मग तिसरा, मग स्वतःच उत्तर देऊन पान उलटे. सेरेब्रल पाल्सीमध्ये मनात आलेले उत्तर हातापर्यंत पोचायला वेळ लागतो. नवव्या-दहाव्या सेकंदाला तिचा हात चित्राच्या दिशेने निघालेला पडद्यावर स्पष्ट दिसत होता, आणि तोवर ते चित्र तिथे नव्हते. सहा मिनिटांत चार वेळा. बाईंनी मला बोल लावला नाही. त्यांनी फक्त चित्रफीत थांबवली आणि मनात दहा आकडे मोजत जा, असे सांगितले. संशोधनात ज्याला पालकांची प्रतिसादक्षमता म्हणतात ती आमच्या घरी या दहा आकड्यांच्या रूपाने आली. त्यासाठी जादा वेळ लागला नाही, जादा माया लागली नाही, त्याग तर मुळीच लागला नाही. एक जाणकार माणूस आणि एक चित्रफीत लागली.

आपल्या लेखात मात्र घरी करून घ्यायच्या व्यायामांची आणि उपक्रमांची लांबच लांब जंत्री आहे, आणि ती सगळी आईने करायची आहे. अशा जंत्र्या आम्हालाही मिळाल्या. फिजिओथेरपिस्टांची वेगळी, ऑक्युपेशनल थेरपिस्टांची वेगळी, स्पीच थेरपीची वेगळी, शाळेची वेगळी. प्रत्येकाची मागणी वाजवी होती. माझ्या पत्नीने एकदा दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्या सगळ्यांची बेरीज केली तेव्हा ती दिवसाला पाच तासांच्या वर गेली. पुढच्या भेटीत तिने हा कागद एका नामांकित केंद्रात दाखवला, तर तिथल्या तज्ज्ञांनी तो न वाचताच परत दिला आणि ‘मुलासाठी करायलाच हवे’ असे सांगितले. ज्या अभ्यासांच्या आधारे हे सांगितले जाते त्यांत मोजलेली गोष्ट तासांची संख्या नसून देवघेवीचा पोत आहे, हे त्या वेळी मला ठाऊक असते तर मी वाद घातला असता. कदाचित घातला नसता. ज्यांच्यावर आपले मूल अवलंबून आहे त्यांच्याशी माणूस सहसा वाद घालत नाही.

ताणाविषयीही थोडे लिहितो, कारण त्यावर संशोधन भरपूर आहे आणि आपल्या लेखात ते एका ओळीत उरकले आहे. सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ साली बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांचे दुःख हे सरून न जाणारे, टप्प्याटप्प्याने परत येणारे दुःख असते आणि ते स्वाभाविक असते, असे लिहिले. पालकांनी ‘स्वीकार’ केलाच पाहिजे असा धोशा लावणाऱ्या व्यावसायिकांना त्यांनी तेव्हाच सावध केले होते. त्यानंतर ब्रूस बेकर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली तीन-चार वर्षांच्या मुलांच्या कुटुंबांत दाखवून दिले की पालकांचा ताण मुलाच्या विकासातील विलंबापेक्षा त्याच्या वर्तनसमस्यांशी अधिक निगडित असतो, आणि तो संबंध दुतर्फा आहे: वर्तनाने ताण वाढतो, ताणाने वर्तन बिघडते. ज्या घरात मूल रात्रभर झोपत नाही त्या घराला याचा पुरावा लागत नाही. पण उपाय कुठून सुरू करावा हे त्यातून कळते. मुलाच्या झोपेवर इलाज झाला तर आईच्या ‘सकारात्मकते’वर व्याख्यान देण्याची वेळ बहुधा येणार नाही. एरिक इमर्सन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ब्रिटनमधील मोठ्या नमुन्यात असे पाहिले की बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या आया आणि इतर आया यांच्या स्वास्थ्यातला बराचसा फरक घरची आर्थिक-सामाजिक स्थिती हिशेबात धरल्यावर पुसट होतो. ज्याला आपण अपंगत्वाचा भार म्हणतो त्यातला मोठा वाटा गरिबीचा असतो. संगोपनाच्या लेखात गरिबीचा उल्लेख नसणे मला खटकले.

याच धाग्याने आणखी एक गोष्ट. क्रिस्टीन योशिनागा-इतानो आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवले की ज्या मुलांची श्रवणक्षमतेतील उणीव वयाच्या सहा महिन्यांच्या आत ओळखली गेली आणि ज्यांना लगेच साहाय्य मिळाले, त्यांची भाषा उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा लक्षणीयरीत्या चांगली वाढली. नवजात बाळाच्या कानांची तपासणी ही आईच्या चिकाटीवर सोपवण्याची बाब नाही. प्रसूतिगृहात ते यंत्र आहे की नाही, तपासणीनंतर पुढे पाठवायला जागा आहे की नाही, यावर ती ठरते. मुलाच्या प्रगतीवर मोजता येण्याइतका परिणाम करणाऱ्या गोष्टींत अशा किती तरी आहेत, ज्यांच्यापाशी आईचा हात पोचतच नाही.

आणि बाप? या साऱ्या संशोधनात आम्ही फार थोडे आहोत. पालक असा शब्द शीर्षकात असतो आणि आत बहुतांशी मातांनी भरलेल्या प्रश्नावल्या असतात. मी स्वतः एकदा अशी प्रश्नावली भरायला बसलो, तर दुसऱ्याच प्रश्नात ‘गरोदरपणात आपल्याला’ असे सुरू झाले. हसू आले, पण त्याचा परिणाम हसण्यासारखा नाही: जे मोजले जात नाही त्याच्याकडून अपेक्षाही केली जात नाही. अपंगत्व असलेल्या मुलांचे भाऊबहीण आणि खुद्द ती मुले मोठी झाल्यावर काय सांगतात, हे तर त्याहून कमी विचारले गेले आहे.

आशादायक काम चालू आहे आणि त्याला आपल्या पुरवणीत जागा मिळावी असे मला वाटते. ग्रीन यांच्या पद्धतीचे एक रूपांतर गोवा आणि रावळपिंडी येथे ६५ मुलांच्या कुटुंबांत करून पाहिले गेले, त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तिथे पालकांना शिकवणारे लोक तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते होते, आणि तरीही पालकांचा मुलाशी होणारा संवाद सुधारला. जागतिक आरोग्य संघटनेने विकासात मागे पडणाऱ्या मुलांच्या कुटुंबांसाठी तयार केलेल्या कार्यक्रमात गटाच्या नऊ बैठका आणि तीन गृहभेटी आहेत, आणि त्यात काळजी घेणाऱ्याने स्वतःची काळजी कशी घ्यावी हाही भाग आहे. युनिसेफच्या २०२१च्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे २४ कोटी मुलांना कोणते ना कोणते अपंगत्व आहे. एवढ्या घरांना पुरतील इतके तज्ज्ञ कोणत्याही देशात तयार होणे शक्य दिसत नाही, त्यामुळे हा मार्ग महत्त्वाचा. आपल्या लेखिकेने पुढचा लेख यावर लिहिल्यास, आणि त्या वेळी आयांबरोबर एखाद्या बापाशी व एखाद्या मोठ्या झालेल्या मुलामुलीशीही बोलून घेतल्यास, मी तोही दोनदा वाचेन.

हे पत्र पाठवण्यापूर्वी मी माझ्या मुलीला वाचून दाखवले. चित्रफितीचा प्रसंग ठेवायला तिची हरकत नाही. सहा मिनिटांत चार वेळा नव्हे, पाच वेळा, अशी दुरुस्ती तिने सुचवली आहे, पण चित्रफीत आता उपलब्ध नसल्यामुळे मी माझाच आकडा ठेवला आहे. तिचे नाव आणि शाळेचे नाव येऊ नये असे तिचे म्हणणे आहे. त्यामुळे पत्र छापल्यास माझेही नाव छापू नये, ही विनंती.

आपला,
एक वाचक